तुपेसाहेबांचा प्रश्न

तुपेसाहेब मंगळवारी सकाळी गेले. त्या संध्याकाळी क्लब उघडला नाही. शुक्रवारी उघडला आणि त्यांच्या जागी, मिर्झासाहेबांच्या समोर, मी बसलो.

त्या शुक्रवारी टेबलावर जे दिसले ते दिसले नसते तर मी हे लिहायला घेतले नसते. खरे तर तुपेसाहेबांचे चरित्र लिहिण्याइतकी माहिती माझ्याकडे नाही. गंगापूरकडच्या शेतकरी घरातले ते पहिले शिकलेले. बांधकाम खात्यात ओव्हरसिअर म्हणून लागले आणि डेप्युटी इंजिनिअर होऊन निवृत्त झाले. एक मुलगी, ती लग्न होऊन पुण्याला. पण ते पत्ते कसे उचलत हे मला नीट सांगता येईल. वाटणी चालू असेपर्यंत त्यांचे दोन्ही हात मांडीवर असत. शेवटचे पान पडले की उलट्या पडलेल्या पानांवरून बोट फिरवून ते तेरा मोजून घेत, मग उचलत आणि एकदाच लावत. हातातली जुळणी पुन्हा हलवायची नाही, कारण पान कुठून निघाले यावरूनही समोरच्याला काही कळते आणि तसे काही कळू देणे बरे नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

आमचा क्लब औरंगपुऱ्यात, एका कापडदुकानाच्या माडीवर. बाहेरच्या खोलीत कॅरम आणि वर्तमानपत्रे, आतल्या खोलीत ब्रिजची तीन टेबले. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. इथे बदलून आलो तेव्हा ओळखी नव्हत्या, आणि एका टेबलाला चौथा माणूस हवा होता, म्हणून आत गेलो. पहिल्या संध्याकाळी मला वाटले, हे लोक एकमेकांवर रागावलेले आहेत. कोणी बोलत नव्हते, कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नव्हते. नंतर कळले की हा राग नव्हे, ही रीत आहे. ब्रिजमध्ये समोरासमोर बसणारे दोघे एकमेकांचे भिडू. आपल्या हातात काय आहे ते भिडूला सांगायचे, पण फक्त ठरलेल्या बोलीच्या शब्दांतून. आवाज चढवून नाही, भुवई हलवून नाही, उशीर करून तर नाहीच. सगळा खेळ समोरच्याला समजून घेण्याचा, आणि त्याच्याकडे बघायचे मात्र नाही. मला याचे फार कुतूहल वाटले. पुढे इतकी वर्षे जात राहिलो ते पत्त्यांपेक्षा या कुतूहलापोटीच.

ही रीत क्लबात मिर्झासाहेबांनी आणली. निजामाच्या काळी जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणत. त्या खात्यात ते अधिकारी होते. तेव्हाचा क्लब एका बंगल्यात होता आणि तो अधिकाऱ्यांपुरता होता. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचे राज्य गेले, त्यानंतर काही जण हैदराबादला गेले, काही त्याहून लांब गेले, बंगल्यात सरकारी कचेरी आली. मिर्झासाहेबांकडे पत्त्यांचे दोन जोड आणि एक घडीचे टेबल उरले. खेळायला माणसे नव्हती. ते टेबल त्यांनी या माडीवर आणले आणि कॅरम खेळणाऱ्या पोरांकडे बघत बसू लागले. त्या पोरांत तुपे होते, नुकतेच नोकरीला लागलेले.

तुपेसाहेबांनी हे मला एकदाच सांगितले. त्या दिवसांत सगळेच जपून होते. कोण कोणाकडे जातो, कोण कोणाशी बोलतो, यावर लोकांची नजर असायची. वडिलांनी गावाहून येऊन विचारले की त्यांच्यात कशाला जाऊन बसतोस. “म्या म्हणलं, दादा, तिथं बोलायचं नसतंच,” तुपेसाहेब म्हणाले, आणि हे सांगतानाही हसले नाहीत.

मिर्झासाहेबांनी त्यांना सुरुवातीला पत्ते हातात दिलेच नाहीत. पत्ते बाद में, पहले बैठना सीखो, असे सांगून नुसते शेजारी बसवून ठेवले. खुर्ची किती पुढे घ्यायची, ‘पास’ म्हणताना, म्हणजे बोली सोडताना, आवाज कसा ठेवायचा, भिडूने डमी म्हणून आपली पाने उघडी मांडली की ती कितीही भिकार असोत, ‘थँक्यू, पार्टनर’ कसे म्हणायचे. पुढच्या तीसेक वर्षांत मिर्झासाहेबांची मुले हैदराबादला आणि परदेशी गेली, बेगम वारल्या, आणि त्यांच्या आठवड्यात मंगळवार आणि शुक्रवार हे दोनच दिवस उरले. त्या दोन दिवशी ते शेरवानी घालून, बूट पुसून येत. तुपेसाहेब त्यांच्या समोर बसत. दुसऱ्या कोणाचे भिडू झालेले मी दोघांनाही पाहिले नाही.

तुपेसाहेबांच्या ‘पास’बद्दल क्लबात दंतकथा होत्या. चारही एक्के हातात असोत की एकही चित्र नसो, त्यांचा आवाज तोच. सेक्रेटरी मुळे वकील म्हणायचे, या माणसाला कोर्टात साक्षीला उभा केला तर न्यायाधीश नोकरी सोडून जाईल. पण हा आवाज ते माडीवरून घरीही घेऊन जात. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नींनी, मला सांगितले होते की मुलीला स्थळे येऊ लागली तेव्हा घरात कोणाला काही कळायचे नाही. पाहुणे चहा घेऊन गेले की सगळ्या त्यांच्या तोंडाकडे बघायच्या. ते म्हणायचे, “ठीक आहे.” सगळ्या स्थळांना ठीक आहे. शेवटी मुलगीच चिडून म्हणाली, बाबा, मला एक नापसंत आहे, तो कोणता ते तरी ओळखा. त्यांनी तत्काळ ओळखला. कसा ओळखला, तर चहाचा ट्रे ठेवताना ती एका ठिकाणी किंचित थांबली होती. “मग तेव्हाच का नाही बोलले?” काकूंनी विचारले. ते म्हणाले, ती थांबली ते मला दिसलं, पण तिनं सांगितलेलं नव्हतं.

हे मला तेव्हा गमतीचे वाटले. नंतर जालन्याच्या स्पर्धेत त्याचा अर्थ कळला.

शेवटच्या फेरीतला शेवटचा डाव होता. बोली मिर्झासाहेबांवर आली आणि ते थांबले. थांबले म्हणजे किती, आपण पाण्याचा घोट घेतो तितके. मग ‘पास’ म्हणाले. तुपेसाहेबांच्या हातात बरी पाने होती. मी त्यांच्या मागे प्रेक्षकांत बसलो होतो, मला दिसत होती. भिडूने विचार करून पास म्हटले याचा अर्थ त्याच्याकडेही काहीतरी आहे, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळले. बोली एक पायरी वर नेली असती तर डाव आमचा, स्पर्धा आमची. तुपेसाहेब त्यांच्या नेहमीच्या आवाजात ‘पास’ म्हणाले. आम्ही हरलो.

परतीच्या एसटीत मुळे वकिलांनी त्यांना बदनापूरपर्यंत सोडले नाही. काय राव, हातात तिकीट धरून स्टँडवर उभे राहिलात, वगैरे. मिर्झासाहेब खिडकीबाहेर बघत होते. अखेर तुपेसाहेब म्हणाले, “वकीलसाहेब, ते थांबले नसते तर मी बोललो असतो. ते थांबले आणि मला ऐकू आलं. ऐकू आल्यावर मला बोलता येत नाही.”

“अहो, पण कायद्यानं तुमचा हात बोलण्यासारखा होता ना?”

“असंल. पण मला आता सांगता येणार नाही की मी हातामुळं बोललो की ऐकल्यामुळं.”

मिर्झासाहेबांनी खिडकीतून मान न वळवता खिशातली सुपारीची डबी काढली आणि तुपेसाहेबांच्या पुढे धरली.

डाव संपल्यावर त्यावर बोलायचे नाही, हाही त्या दोघांचा नियम. बाकीच्या टेबलांवर मात्र डाव मिटला की भांडण सुरू होई. तू राणी का टाकलीस, तुला दिसत नव्हते का. असे कोणी भिडूवर ओरडले की तुपेसाहेब आपल्या टेबलावरून उठत, स्वतःचा न प्यायलेला चहा घेऊन जात आणि ओरडा खाणाऱ्याच्या पुढे ठेवत. एक शब्द बोलत नसत. एका तरुण डॉक्टरांनी आपल्या भिडूला एका संध्याकाळी इतके झापले की त्या भिडूपुढे तीन कप जमले, कारण तुपेसाहेबांचे पाहून दुसऱ्या टेबलांवरचेही कप आले. डॉक्टरांनी पुढे ओरडणे सोडले. ते म्हणाले, माझ्यामुळे त्याला ॲसिडिटी व्हायची.

आता एक नियम समजावून सांगायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. ज्या रंगाचे पान पडले त्या रंगाचे पान आपल्या हातात असेल तर तेच टाकावे लागते. रंग हातात असताना दुसरे पान टाकले तर त्याला रिव्होक म्हणतात. ब्रिजमध्ये याच्याइतकी लाजिरवाणी चूक नाही. दंड म्हणून जिंकलेले चार-चार पानांचे दस्त काढून द्यावे लागतात. ही चूक टाळण्यासाठी एक सोय आहे. आपल्या भिडूने दुसऱ्या रंगाचे पान टाकले तर आपण विचारू शकतो, “बदाम नाही ना?” तो पुन्हा हात बघतो, आणि असले तर वेळेत बदलतो. पण आमच्या क्लबात हा प्रश्न कोणी विचारत नसे. मिर्झासाहेबांनी पहिल्याच दिवसांत तुपेंना बजावले होते की पूछना याने शक करना. भिडूने पान टाकले म्हणजे त्याने पाहून टाकले. विचारणे म्हणजे त्याला ‘तुम्हाला दिसत नाही’ म्हणणे. क्लबाने ते तीस वर्षे पाळले.

आणि क्लबाची आणखी एक रीत होती, ती मात्र मिर्झासाहेबांची नव्हे. वयामुळे कोणाचा खेळ पार गेला, वारंवार चुका होऊ लागल्या की सेक्रेटरी त्याच्या घरी पेढ्यांचा पुडा घेऊन जात. क्लबाने आपल्याला सन्माननीय सभासद केले आहे, असे सांगत. सन्माननीय सभासदाने क्लबात यावे, चहा घ्यावा, बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचावे. आतल्या टेबलावर बसू नये. हे कुठे लिहिलेले नव्हते, पण पेढे आले की माणसाला समजायचे. एक निवृत्त तहसीलदार असे सन्माननीय झाले होते. ते काही महिने येत राहिले. आत पत्ते पिसल्याचा आवाज झाला की वर्तमानपत्रावरून त्यांचे डोळे वर यायचे. मग ते यायचे थांबले.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी हा सगळा प्रकार सुरू झाला. मी शेजारच्या टेबलावर होतो. डाव चालू असताना तुपेसाहेबांचा आवाज आला, “बदाम नाही ना, मिर्झासाहेब?”

तिन्ही टेबलांवरचे खेळ थांबले. मिर्झासाहेबांनी हातातली पाने टेबलावर उलटी ठेवली. गोरा चेहरा लाल झाला होता.

“तुपेसाब,” ते म्हणाले, “आपने पूछा?”

“माफ करा,” तुपेसाहेब म्हणाले. “हल्ली मला मधेच विसरायला होतं कोणता रंग चाललाय. म्हणून विचारून घेतो. राग मानू नका.”

मिर्झासाहेब त्यांच्याकडे बघत राहिले. समोरच्याच्या तोंडाकडे बघायचे नाही हा नियम त्यांनी मोडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मग त्यांनी पाने उचलली, चाळली आणि म्हणाले, है तो. पत्ते चिपक गए. आणि टाकलेले पान परत घेऊन बदाम टाकला.

त्यानंतर तुपेसाहेब सगळ्यांनाच विचारू लागले. भिडूला विचारत, डाव्या हाताच्या गड्याला विचारत, उजव्याला विचारत. कोणीही रंग सोडला की तो प्रश्न ठरलेला. इस्पिक नाही ना? चौकट नाही ना? लोक आधी चकित झाले, मग वैतागले, मग चेष्टा करू लागले. मुळे वकील एकदा म्हणाले, साहेब, घरात बदाम असते तर बायकोनं लाडू नसते का केले? टेबल हसले. तुपेसाहेबांनी मान डोलावली आणि पुढच्या पानाला पुन्हा विचारले. मिर्झासाहेबांची पाने वरचेवर चिकटत. तुपेसाहेबांनी मग टाल्कम पावडरचा डबा आणला. खेळ सुरू होण्याआधी ते एकेक पान पावडरीने पुसत बसत. आमच्या हातांना घरी गेल्यावर त्या पावडरीचा वास यायचा आणि आमच्या बायका चौकशा करायच्या.

क्लबाचा निष्कर्ष निघाला: तुपेसाहेबांचे डोके चालेनासे झाले. इतका थंड डोक्याचा माणूस, पण वय कोणाला सोडते. मिर्झासाहेबांनाही तसेच वाटत होते. एका संध्याकाळी जिना उतरताना त्यांनी मला थांबवले. ते म्हणाले, “प्रोफेसर साब, उनो भूलने लगे. तीस बरस का साथ है, मेरे को देखा नई जाता. आप लोगां जरा संभाल लिया करो उनको.” मी हो म्हटले. त्यांचे डोळे भरले होते.

त्यानंतर काही दिवसांनी मुळे वकील पेढे घेऊन तुपेसाहेबांच्या घरी गेले. एकट्याने जाण्याचा धीर होईना म्हणून मला बरोबर घेतले. काकूंनी पाणी आणले. वकिलांनी पुडा टीपॉयवर ठेवला आणि क्लबाच्या सेवेबद्दल बोलायला सुरुवात केली. तुपेसाहेब ऐकत होते. पुडा बघून काकू दारातच उभ्या राहिल्या. त्यांनाही रीत माहीत होती.

वकिलांचे बोलून झाल्यावर तुपेसाहेबांनी पुड्याची दोरी सोडली, एक पेढा आम्हाला दोघांना अर्धा अर्धा दिला. मग म्हणाले, “वकीलसाहेब, मी सन्माननीय झालो. कबूल. स्पर्धेच्या संघातून नाव काढा, ते तुमच्या आधीच माझ्या मनात होतं. पण एक मागतो. मला टेबलावरून उठवू नका. खिडकीजवळचं शेवटचं टेबल द्या, तिथं मी मिर्झासाहेबांसमोर बसतो.”

मुळे वकील म्हणाले, “साहेब, तुमच्यासाठी मिर्झासाहेबांचा खेळ का बुडवायचा? त्यांना आम्ही चांगला भिडू देतो.”

“नको,” तुपेसाहेब म्हणाले. एरवी न बदलणारा आवाज तेव्हा बदलला होता. “भिडू बदलू नका. मी पाया पडतो म्हणा, काही म्हणा. दुसऱ्या कोणासमोर मला आता खेळता यायचं नाही.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. त्या माणसाने कोणाकडे काही मागितलेले त्यांनीही पाहिले नसावे. मुळे वकील तोंडाने तिखट, पण त्या दिवशी ते नरमले. बसा, म्हणाले, तुम्हाला हवे तोवर बसा. परत येताना गल्लीत मात्र मला म्हणाले, “बघा प्रोफेसर, एवढा समजदार माणूस. पण कुठं थांबावं ते कळंना झालं.”

मलाही तेव्हा तसेच वाटले.

पुढचा सगळा पावसाळा ते दोघे खिडकीजवळच्या टेबलावर खेळले. त्यांच्यासमोर बसायला लोक कुरकुरत, पाळीपाळीने बसत. तुपेसाहेबांचा प्रश्न चालूच होता. नवीन आलेल्या एका बँकेच्या मॅनेजरने तर त्यांची नक्कल बसवली होती आणि बाहेरच्या खोलीत तो ती करून दाखवायचा. तुपेसाहेबांनी ती एकदा दारातून पाहिली. ‘ठीक आहे’ म्हणून आत गेले.

मग तो मंगळवार. घरी, चहा व्हायच्या आधी, छातीत कळ आली. मिर्झासाहेब अंत्ययात्रेत शेवटपर्यंत चालले. मधेच ते मला दोनदा म्हणाले, तुपेसाब कहां हैं, दिखे नई. मला वाटले, दुःखाने माणूस असे बोलतो.

शुक्रवारी मी त्यांच्यासमोर बसलो. डाव्या हाताला मुळे वकील, उजव्या हाताला तो बँकेचा मॅनेजर. मिर्झासाहेब शेरवानीत होते. पहिला डाव व्यवस्थित झाला. दुसऱ्या डावात मॅनेजरने बदामाची उतारी केली. मिर्झासाहेबांनी किलवर टाकला. त्या टेबलावर तो प्रश्न आता विचारणारे कोणी नव्हते. दस्त मिटला. दोन दस्तांनंतर मिर्झासाहेबांच्या हातातून बदामाची दश्शी खाली आली.

मी पाहिली. मुळे वकिलांनी पाहिली. दुसऱ्याची चूक पकडणे हा वकिलांचा आवडता भाग. चूक दिसली की ते मिटलेल्या दस्तावर तळहात ठेवतात आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असे जाहीर करतात. त्यांचा तळहात तसा गेलाही. दस्तावर ठेवला. मिर्झासाहेब आपल्या पानांकडे बघत होते, शांतपणे, काही झाले आहे याची पुसटशीही जाणीव नसलेल्या माणसासारखे. वकिलांनी तळहात उचलला.

“पुढं,” ते म्हणाले.

पुढच्याच डावात इस्पिकला मिर्झासाहेबांनी चौकट टाकली. मॅनेजर काही बोलणार तोच मुळे वकिलांनी त्याच्याकडे असे पाहिले की तो थांबला. मग वकील खाकरले. “मिर्झासाहेब,” ते म्हणाले, “इस्पिक नाही ना?”

मिर्झासाहेबांचा चेहरा लाल होऊ लागला. वकील घाईने म्हणाले, “नाही, ते मला हल्ली रंग लक्षात राहत नाही.”

मिर्झासाहेबांनी पाने चाळली. “है,” म्हणाले. “चिपक गया था.”

त्या संध्याकाळी मुळे वकिलांनी मला विचारले, मॅनेजरला विचारले, प्रत्येक दस्ताला विचारले. खेळ संपल्यावर ते खुर्चीत बसूनच राहिले. मिर्झासाहेब हात धुवायला गेले तेव्हा मला म्हणाले, “पेढे मी चुकीच्या घरी दिले.”

मी विचारले, आता योग्य घरी नेणार का.

“नाही,” ते म्हणाले. “तुम्ही त्यांचे भिडू आहात ना आता? तुम्ही विचारत चला. मी सगळ्यांना सांगतो.”

मला अजून कुतूहल आहे ते तुपेसाहेबांना पहिल्यांदा कधी कळले याचे. मिर्झासाहेबांच्या थांबण्याचा अर्थ त्यांच्याइतका कोणाला कळत नव्हता. तीस वर्षे त्यांनी ते थांबणे ऐकले आणि त्यावरून काही करायचे नाही हे पाळले. एकदाच त्यांनी ऐकले आणि त्यावरून केले, आणि त्यासाठी स्वतःचे डोके गेले असे साऱ्या क्लबाला म्हणू दिले. काकूंना मी विचारले. त्यांना काही माहीत नव्हते. मग ते घरी काही विसरायचे का, एवढेच मी विचारले. काकू म्हणाल्या, दूधवाल्याकडून कुठल्या दिवशी दूध कमी घेतलं ते मला तेच सांगायचे. मिर्झासाहेबांना यातले किती कळले होते, तेही मला माहीत नाही. कधी वाटते काहीच नाही, कधी वाटते जिन्यात माझ्यापाशी त्यांचे डोळे भरले ते फक्त तुपेसाहेबांसाठी नव्हते.

मी तुपेसाहेबांना शेवटचे पाहिले ते त्या मंगळवारच्या आधीच्या शुक्रवारी. क्लब सुटला होता. मी वरच्या कठड्याशी उभा होतो. मिर्झासाहेबांनी त्यांचा दंड धरला होता आणि एकेक पायरी सांगत ते त्यांना उतरवत होते. हौले, हौले, यहां अंधेरा है. तुपेसाहेब रोज सकाळी टेकडीपर्यंत चालत जाणारे, पण ते सांगितले तिथे थांबत होते, सांगितले तिथे पाऊल टाकत होते. खाली मिर्झासाहेबांनी रिक्षा थांबवली, त्यांना आत बसवले, रिक्षावाल्याला त्यांचा पत्ता सांगितला आणि बाजूला झाले. तुपेसाहेबांनी आतून हात बाहेर काढला.

“मिर्झासाहेब, मला एकट्याला घर सापडायचं नाही,” ते म्हणाले. “सोबत चला ना.”

“हौ, हौ, चलो,” म्हणून मिर्झासाहेब चढले. तुपेसाहेब पुढे वाकून रिक्षावाल्याशी काहीतरी बोलले. त्यांच्या घराचा रस्ता डावीकडे होता. रिक्षा उजवीकडे, मिर्झासाहेबांच्या मोहल्ल्याकडे वळली.

मिर्झासाहेब अजून मंगळवारी आणि शुक्रवारी क्लबात येतात आणि आतल्या खोलीत खेळतात.